उशिरा पडलेली टपली

विराबिला, २० फेब्रुवारी

प्रिय ब्रायडी,

मी फोन उचलत नाही म्हणून चिडू नकोस. फोन पाण्यात पडला. तीस वर्षं पोहण्याचा तलाव सांभाळणाऱ्या माणसाने स्वतःचा फोन तलावात पाडावा, ही गोष्ट नोलीन कँटीनच्या खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सॉसेज-पावाबरोबर फुकट वाढते आहे. नवा घेईन सवडीने. तोवर हे आपलं जुनं ब्रेलचं यंत्र बरं. कपाटातून काढलं तर आत कोळ्याने संसार थाटला होता. सहा कळा आणि ओळ संपताना वाजणारी घंटी, एवढंच तर आहे. बोटांना सगळं आठवतं.

बोटांवरून आठवलं. तुझं प्लास्टर निघालं का? मधलं बोट वाकडं बसलं तरी चालेल, पण पहिलं नीट बसायला हवं. उजव्या हाताचं पहिलं बोट म्हणजे तुझं वाचायचं बोट. सिडनीच्या इस्पितळातून तू म्हणालीस की महिन्याभरात ठणठणीत होईल. डॉक्टर लोक धीर द्यायला काहीही सांगतात, म्हणून पुन्हा विचारतो.

तेव्हाच तू म्हणाली होतीस, “क्लेम, शेवटी शेवटी मी दोरीला घासले आणि माझी मोजणी चुकली. एक हात जास्त मारला. माझीच चूक आहे.” मी म्हणालो, होतं असं कधीकधी. अजूनही तेच म्हणतो. राज्य स्पर्धा म्हणजे काही जग बुडालं नाही. जूनमध्ये पॅरालिम्पिकची निवड चाचणी आहे, खरं काम तिथे आहे.

आता मुद्द्याचं. जूनमध्ये टपली मारायला मी येणार नाही. गुडघा कुरकुरतो. ओल्या फरशीवर वाकून उभं राहणं आता झेपत नाही. ब्रिस्बेनला तुझ्याबरोबर ती टॅमसिन असते, तिला तयार कर. तिला सांग, दांडा सैल हाताने धर. तुझी टोपी ठरलेल्या खुणेपाशी आली की दांड्याच्या टोकाच्या चेंडूने डोक्यावर एक टपली, बस्स. म्हणजे पुढचा हात भिंतीचा, हे तुला कळतं. टपली लवकर पडली तर तू भिंत शोधत चाचपडत राहतेस. उशिरा पडली तर काय होतं, ते तिला सांगायची गरज नाही.

आपला दांडा मात्र मी पाठवत नाही. माझ्या गळाच्या काठीचा केलेला तो, आता फार जुना झाला.

क्लेम


विराबिला, १८ मार्च

प्रिय ब्रायडी,

तुझं पत्र मिळालं. चांगलं जाडजूड होतं. वाचून आनंद झाला. तुझं सगळं बरं चाललं आहे, हे महत्त्वाचं.

इकडची खबर म्हणजे, माझ्या पिकअपने बोलिंग क्लबच्या पाटीला धडक दिली. पाटी आडवी, गाडीचा दिवा फुटला, मी धडधाकट. ऊन डोळ्यांवर आलं होतं. नोलीन म्हणते त्या दिवशी आभाळ होतं. तिला आभाळातलं काय कळतं? ती दिवसभर तव्यावरच्या कांद्याकडे बघत असते.

पाण्याचीही कटकट चालू आहे. तपासायच्या औषधात हल्ली काही दम राहिलेला नाही. पूर्वी नळीत थेंब टाकले की गुलाबी रंग कसा ठसठशीत यायचा, आता काही धड कळतच नाही. म्हणून मी नळी नोलीनच्या नाकासमोर धरतो आणि म्हणतो, सांग बघू किती, तुझी परीक्षा. मधे एकदा ती सुट्टीवर होती तेव्हा क्लोरीन जास्त झालं आणि शाळेची पोरं लाल डोळ्यांनी घरी गेली. त्यांच्या आया माझ्यावर धावून आल्या. बरोबर होतं त्यांचं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

गव्हाच्या कोठारावरचं तुझं चित्र बघून आलो. ते रंगवलं तेव्हा तू मला भर उन्हात तिथे उभं करून इंच न् इंच विचारला होतास, आठवतं? टोपी पिवळी, चष्मा काळा, मागे गहू. “माझं नाक केवढं काढलंय?” म्हणून विचारलंस. “दुमजली,” मी म्हणालो. ऊन खाऊन चित्र फिकं पडलं असावं. कडेचा गहू दिसतो, टोपीची कड दिसते, मधे तोंड काही नीट दिसत नाही. नगरपालिकेला सांगायला हवं. नोलीन म्हणते, तिला रस्त्यावरून नाकावरचे ठिपकेसुद्धा दिसतात. म्हणत असेल.

डब्बो शहरालाही एक खेप झाली. पंपाचा एक सुटा भाग हवा होता. मिळाला नाही.

टॅमसिनवर भरवसा ठेव. पोहणाऱ्याने टपलीवर भरवसा ठेवायचा असतो, विचार करत बसायचं नसतं.

क्लेम


२ एप्रिल

ब्रायडी,

हे पत्र मी टाकणार नाही. तरी लिहितो आहे, कारण दुसरं काही लिहायला बसलो की बोटं अडतात.

आज कॉस्टाने कँटीनमध्ये फोन केला. नोलीनने मला हाक मारून रिसीव्हर हातात कोंबला, पळायला वाव ठेवला नाही. तुझा प्रशिक्षक कधी आडवळणाने बोलत नाही. म्हणाला, “क्लेम, तिच्या डोक्यात भिंत बसली आहे. टॅमसिनची टपली चोख आहे, पण ही टपलीच्या आधीच दोन हात आखडते. बोटं बरी आहेत म्हणते, पण म्हणते माझा माझ्यावरच भरवसा राहिला नाही, मला मोजता येत नाही. अशी पोहली तर निवड विसरा. तू भिंतीपाशी होतास. खरंच तिची मोजणी चुकली होती का रे?”

मी म्हणालो, “आता नक्की आठवत नाही.”

नोलीन कांदा परतत होती, तिने वळून माझ्याकडे बघितलं. मी रिसीव्हर ठेवला आणि पंपाच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. बासष्ट वर्षांचा बाप्या, पंपाच्या आवाजात रडलो. तो आवाज मोठा असतो, ते बरं.

मला सगळं आठवतं. तू दोरीला घासलीस हे खरं, पण तुझी मोजणी चुकली नव्हती. तू चोख आलीस, सरळ आलीस, कुणाच्याही पुढे होतीस. तुझी पिवळी टोपी मला लांबून दिसत होती. मी तिच्यावर नजर रोखली आणि ती नाहीशी झाली. दोरी दिसत होती, शेजारच्या रांगेतलं फेसाळ पाणी दिसत होतं, पण जिथे तू असायला हवी होतीस तिथे एक करडा डाग होता. मी आवाजाच्या रोखाने दांडा घातला. चेंडू तुझ्या पाठीवर पडला. तोवर तुझा हात पूर्ण वेगाने भिंतीवर आदळला होता. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तुलाही आला असणार.

डब्बोला मी पंपासाठी गेलो नव्हतो. डोळ्यांच्या डॉक्टरणीकडे गेलो होतो. ती म्हणाली, मधली नजर चालली आहे, कडेची राहील, परत काही येणार नाही. मी विचारलं कधीपासून असेल. ती म्हणाली, तुम्हालाच माहीत. आणि मला माहीत होतं. ख्रिसमसच्या आधीपासून सरावात तुझं डोकं मधेच गायब व्हायचं. मी मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने बघून वेळ मारून नेत होतो. कुंपणावरचे पक्षी बघतात ना, तसा. तेव्हाच दांडा खाली ठेवायला हवा होता. ठेवला नाही, कारण मला तिसऱ्यांदा पॅरालिम्पिकला जायचं होतं. गळ्यात ओळखपत्र, अंगात संघाचा हिरवा-पिवळा कोट. पहिल्या वेळी तू सतरा वर्षांची होतीस, शेवटून दुसरी आलीस आणि बसमध्ये माझ्या त्या कोटात तोंड खुपसून रडलीस. दुसऱ्या वेळी रुपेरी पदक, आणि विराबिलाच्या रस्त्यावरून ट्रकवर उभं राहून आपली मिरवणूक. लोक मलाही हात करत होते, पोरी. तो कोट मला पुन्हा हवा होता. त्यापायी तुझी बोटं मोडली, आणि मग तू आपणहून चूक स्वतःच्या अंगावर घेतलीस तेव्हा मी ती घेऊ दिली.

आणखी एक सांगतो, न टाकायच्या पत्रात सगळंच सांगता येतं. तुझी तीन पत्रं टेबलावर पडून आहेत. एकही वाचलेलं नाही. पांढऱ्या कागदावरचे पांढरे ठिपके, मला आता नुसता कोरा कागद दिसतो. तू म्हणशील, बोटांनी वाच. मला बोटांनी वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. लहानपणी कँटीनच्या टेबलावर आपण ब्रेल वाचायची शर्यत लावायचो, तू विचारायचीस, “क्लेम, डोळे मिटलेस ना?” मी हो म्हणायचो आणि उघड्या डोळ्यांनी जिंकायचो. सहा वर्षांच्या आंधळ्या पोरीला फसवून जिंकायचो आणि वर आइस्क्रीमही तुझंच अर्धं खायचो.

हे कुणाला सांगू?


विराबिला, १२ एप्रिल

प्रिय ब्रायडी,

तुझं नवं पत्र मिळालं. वाचून फार बरं वाटलं. छान, असंच चालू ठेव.

ईस्टर झाला, तलाव बंद केला. पाणी आता ऑक्टोबरपर्यंत हिरवं होत बसेल. गुलाबी काकाकुवे तारेवर बसून मला शिव्या देतात.

कॉस्टा म्हणाला, तू भिंतीपाशी आखडतेस. आखडू नकोस. झालं ते झालं. गुडघा तसाच आहे.

क्लेम


विराबिला, ९ मे

प्रिय ब्रायडी,

याच पाकिटात एप्रिलमधलं एक पत्र आहे. वरच्या कोपऱ्याला दुमडलं आहे. आधी ते वाच. त्यानंतर हे वाचावंसं वाटलं तर वाच, नाही वाटलं तर कॉस्टाच्या कुत्र्याला चघळायला दे.

वाचलंस? मग तुला आता कळलं असेल की तुझ्या बोटांचा गुन्हेगार कोण. तुझी मोजणी कधीच चुकली नाही, ना त्या दिवशी, ना त्याआधी. तू भिंतीपाशी आखडायचं काही कारण नाही. टपली उशिरा पडली, आणि ज्याने ती उशिरा मारली तो आता तिथे नाही. हे कॉस्टालाही सांग, टॅमसिनलाही सांग, वर्तमानपत्रवाला आला तर त्यालाही सांग. मी नाही म्हणणार नाही.

तुझं शेवटचं पत्र मी वाचलं. खरोखर वाचलं, बोटाने. कसं, ते सांगतो. कँटीनमधल्या गोळ्यांच्या बरण्या आठवतात? तू नऊ वर्षांची असताना प्रत्येक बरणीवर ब्रेलची पट्टी चिकटवली होतीस, म्हणजे तुला कुणाला विचारावं लागू नये. त्या अजून तशाच आहेत. तलाव बंद झाल्यावर मी रोज तिथे जाऊन बसायला लागलो. पेपरमिंट. लिकोरिस. आल्याची. नोलीनने मला एकदा पकडलं. म्हणाली, “क्लेम, गोळी हवी तर घे. बरणी कसली कुरवाळतोस?” मी म्हणालो, धूळ पुसतो आहे. मग ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “मार्चपासून नळीतला रंग मी बघते आहे. बोलिंग क्लबची पाटी मी बघितली. तुला वाटतं तूच एकटा बघत होतास?”

तिने चहा ओतला आणि कप माझ्या हातात दिला, टेबलावर ठेवला नाही. तेवढ्यावरून कळलं की तिला सगळं कळलं आहे.

तर बरण्यांवर शिकलो आणि मग तुझं पत्र घेतलं. पहिल्या ओळीला एक अख्खी सकाळ गेली. ती ओळ वाचून मी पुढचे दोन दिवस कागदाला हात लावला नाही. तुला पाठ असेल, तरी पुन्हा लिहितो, म्हणजे तुला कळेल की या खेपेला मी थाप मारत नाही. “क्लेम, मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की पोहणं सोडून टास्मानियात बकऱ्या पाळायला चालले आहे. तू लिहिलंस, छान, असंच चालू ठेव. तू माझी पत्रं वाचत नाहीस, की तुला वाचता येत नाहीत?”

वाचता येत नाहीत. नव्हती येत.

आता जे सांगायचं ते सांगतो. डब्बोच्या दवाखान्यात मला एक पांढरी काठी दिली. घडीची, तुझ्या काठीसारखीच. मी ती घरी आणली नाही. तलावावर क्लोरीनच्या पिंपांमागे सारून ठेवली, वर पोतं टाकलं. संध्याकाळी घरी जाताना चाचपडलो, पायऱ्यांवर पडलो, हनुवटी फोडून घेतली, पण काठी काढली नाही. विराबिलात मला त्या काठीसकट कुणी बघावं याची मला लाज वाटते. दुसरा शब्द नाही. मरणाची लाज वाटते.

आणि ही लाज मला वाटते! शाळेच्या पोहण्याच्या स्पर्धेच्या दिवशी तू आपली काठी स्वच्छतागृहामागच्या कण्हेरीत लपवली होतीस. मग भिंतीला धरून चाललीस आणि सरबताच्या टेबलावर आपटलीस. पोरं हसली. मी ती काठी कण्हेरीतून उपसून आणली आणि सगळ्या गावासमोर तुझ्या हातात दिली. आणि मोठ्याने म्हणालो, “लाज वाटायची तर आळसाची वाटू दे. डोळ्यांची कसली लाज? काठी घे आणि ताठ चाल.” तू खालचा ओठ चावून चालत गेलीस. मला तेव्हा स्वतःचं केवढं कौतुक वाटलं. तू पदक जिंकल्यावर ती गोष्ट टीव्हीवर सांगितलीस, आणि नगरपालिकेने माझं वाक्य तलावाच्या दारावर मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवून घेतलं. रोज सकाळी मी त्या पाटीखालून आत जातो. पाटी आता वाचता येत नाही, पण काय लिहिलं आहे ते पाठ आहे.

नऊ वर्षांच्या पोरीला तेव्हा काय वाटलं असेल, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. कधीच विचारलं नाही. आज विचारतो. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस.

क्लेम


विराबिला, २४ जून

प्रिय ब्रायडी,

छोटी वाक्यं लिहितो. कारण तुला माहीत आहे.

नोलीन आणि मी चाचणीहून सुखरूप घरी पोचलो. वाटेत तिने मला दोनदा गाडीतून उतरवायची धमकी दिली. मी तिच्या गाडी चालवण्यावर बोललो म्हणून. न दिसणाऱ्याने बोलू नये म्हणाली. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

चाचणीची शर्यत मी कशी बघितली, ते सांगायचं राहिलं. बघितली नाही. कॉस्टाने मला भिंतीजवळच्या बाकावर बसवलं. मी डोळे मिटले. या खेपेला खरोखर मिटले. तुझे हात मला ओळखू येतात. डावा जरा जड पडतो, लहानपणापासून. मी ते ऐकत होतो. शेवट जवळ आला तेव्हा माझीच बोटं आखडली. वाटलं, आता थबकेल. टपली पडली, चेंडूचा आवाज आला. त्याआधीचे दोन हात पूर्ण होते. पुढचाही पूर्ण होता. तुझा हात भिंतीवर असा बसला की बाक हादरला. मग सगळे ओरडायला लागले. नोलीनने माझा खांदा इतका दाबला की अजून दुखतो. टॅमसिनला सांग, टपली चोख होती.

नंतर तू ओले केस निथळत आलीस. मी माफी मागायला उभा राहिलो. तोंडपाठ करून आलो होतो. तू म्हणालीस, “थांब. आधी माझी पाळी.” आणि उजव्या हाताचं पहिलं बोट माझ्या तळहातावर ठेवलंस. ते वाकडं होतं. शेंडा गार होता.

तू म्हणालीस, “मीही थाप मारली. बोट बरं झालं नाही. त्याला ठिपके कळत नाहीत. तुझी सगळी पत्रं मी डाव्या हाताने वाचली, पहिलीतल्या पोरीसारखी.”

मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस. तू म्हणालीस, “तू तोंड लपवून बसला असतास. तसाही बसलाच होतास.”

तू माझा हात सोडला नाहीस. एवढं मला पुरलं, आणि पुरलंही नाही. तुझे डोळे आजाराने नेले. पण वाचायचं बोट मी नेलं. हे कुठल्याही पदकाने पुसलं जाणार नाही. तूही पुसू नकोस. तू पॅरालिम्पिकला जा. मी कँटीनच्या रेडिओपाशी बसेन.

माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर तू जाताजाता दिलंस. बसच्या दारात. “त्या दिवशी मला तुझा खून करावासा वाटला होता, क्लेम. तरी मी चालले.” दार बंद झालं. बरं झालं, तोंड दाखवायला नको.

काल नगरपालिकेत गेलो. दारावरचं ते वाक्य पुसून टाका म्हणालो. तिथली बाई म्हणाली, रंग फार पक्का आहे. राहील तर मग.

आज पिंपांमागून काठी काढली. पोतं झटकलं. घडी उघडताना तिचा खटखट आवाज झाला. तोच आवाज, तुझ्या काठीचा. मग मुख्य रस्त्याने निघालो. पबच्या ओट्यावर सगळे बसले होते. गप्प झाले. मला त्यांची तोंडं दिसली नाहीत, फक्त टोप्या दिसल्या. मग कुणीतरी म्हणालं, “काय, क्लेम.” मी म्हणालो, “काय.” आणि पुढे गेलो. ताठ नाही चाललो. पण चाललो.

तू लिही. लांबलचक लिही. मला आता वेळच वेळ आहे, आणि बरण्या संपल्या आहेत.

लाज गेलेली नाही. आज काठीबरोबर तिलाही घेऊन पाव आणायला गेलो.

क्लेम